वेठ कोणाची?

संपाची वार्ता आली की मराठी वृत्तपत्रांत 'प्रवाशांना वेठीस धरले', 'रुग्णांना वेठीस धरले' हे शब्द पाठोपाठ येतात. वेठ म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने करून घेतलेले काम. ज्याच्याकडून ते करून घेतले जाई, त्याच्याच वारसावर आज वेठीस धरल्याचा आरोप ठेवला जातो. 'वेठ मारणे' हा जुना प्रयोगही असाच एकांगी आहे. फुकट राबविलेल्या माणसाने काम मन लावून केले नाही, एवढेच भाषेने ध्यानात ठेवले. राबविणाऱ्याविषयी ती मूक राहिली.

हा शब्द संस्कृत 'विष्टि'पर्यंत मागे जातो, आणि तेथे मात्र राबविणारा स्पष्ट दिसतो. इ. स. १५० च्या सुमारास रुद्रदाम्याने जुनागढच्या लेखात सुदर्शन तलावाचा बांध प्रजेला कर व विष्टी यांची पीडा न देता, स्वतःच्या कोशातून पुन्हा बांधल्याचे सांगितले आहे. राजाला असे मुद्दाम सांगावेसे वाटले, यातच नेहमीची रीत कळते. पुढे वलभीच्या मैत्रकांच्या ताम्रपटांत तर दान दिलेल्या गावाबरोबर तेथील विष्टीचा हक्कही दिलेला आढळतो.

त्याच गुजरातेत १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने महासाथीचे कारण देऊन एक अधिसूचना काढली. कारखान्यांत दिवसाला १२ व आठवड्याला ७२ तास काम घेण्यास तिने मुभा दिली, आणि जादा तासांचा दुप्पट दर रद्द केला. अधिसूचनेत उदाहरणही होते: ८ तासांचे ८० रुपये असतील, तर १२ तासांचे १२० द्यावेत. वरवर पाहता हिशेब निर्दोष वाटतो. परंतु १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ५९ व्या कलमानुसार आठवड्याच्या ४८ तासांपुढील २४ तासांना दुप्पट दर लागू होता. म्हणजे ७२० ऐवजी ९६० रुपये. आठवड्याचे २४० रुपये कामगाराच्या पदरातून मालकाच्या पदरात गेले, तेही शासनाच्या लेखणीने.

गुजरात मजदूर सभेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ही अधिसूचना आणि तिला मुदतवाढ देणारी दुसरी, अशा दोन्ही रद्द केल्या व थकलेला जादा कामाचा मोबदला देण्याचा आदेश दिला. न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाचा आधार आहे. या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवलेला आहे. आर्थिक नाइलाजाने किमान वेतनाहून कमी दराने केलेले कामही सक्तीचेच, असे याच न्यायालयाने एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये ठरविले होते. म्हणून जादा तासांचा बुडविलेला पैसा ही निव्वळ उधारी नव्हे, ती वेठ होय, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या अधिनियमाची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. दुप्पट दर तिच्यातही आहे. पण दर असून भागत नाही. हजेरीपट मालकाच्या कचेरीत राहतो. कामगार दाद मागावयास जातो तेव्हा, आपण पाळी संपल्यावर किती वेळ थांबलो हे त्यानेच सिद्ध करावे अशी अपेक्षा असते, आणि पुरावा प्रतिपक्षाच्या कपाटात असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, नोंद अपुरी वा संशयास्पद असेल तेथे कामगाराचे कथन ग्राह्य मानून ते खोडून काढण्याचा भार मालकावरच टाकला पाहिजे. नोंद ठेवणे ज्याच्या हाती, न ठेवल्याचा तोटाही त्यानेच सोसावा. लहान कारखानदारास हे जाचक होईल, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. कच्च्या मालाचा हिशेब तो चोख ठेवतोच.

आपण विद्यापीठीय मंडळींनी हा प्रश्न गिरण्या-कारखान्यांपुरता समजू नये. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकास वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. पाठाची तयारी, विद्यार्थ्यांचे लेखन तपासणे, दोन तासिकांमधील ताटकळणे यांसाठी तर बुडवावी अशी नोंदवहीसुद्धा नाही.