डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे!

"सी भरलाय? मग सगळं डी वर टाक!" हा सल्ला ऐकला नाही असा माणूस विरळा. माझं भांडण सल्ल्याशी नाही, त्याच्या अर्धवटपणाशी आहे.

मीही तेच केलं होतं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर विंडोज मुळात सी वर ठेवतं. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह... झालं! जागा मोकळी, मी खूश. बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आता 'सुरक्षित' डी वर.

मग एक दिवस हार्डडिस्कच गेली. सी गेला, त्याच्याबरोबर डी सुद्धा. कारण डिस्क एकच होती, सी आणि डी हे तिचेच दोन भाग. एकाच घरात मध्ये भिंत घातली म्हणून आगीत दुसरी खोली वाचते का हो?

सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकताना डी वाचतो, हे खरं. पण 'मूव्ह' म्हणजे हलवणं, दुसरी प्रत काढणं नव्हे. आधी एक प्रत होती, नंतरही एकच.

म्हणून मंडळी, आजच डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी दोन्ही 'डिस्क ०' समोरच दिसले, तर तुम्हीही माझ्याच नावेत आहात. फोल्डर खुशाल हलवा, पण आधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

जागा करणं वेगळं, जपणं वेगळं. मला हे कळलं तेव्हा बाबांचा एकच फोटो उरला होता, भिंतीवरचा.