जुन्या आगबोटीचे वारसदार

इंग्लंडच्या आग्नेय भागात, मेडवे नदीवरील गिलिंगहॅमच्या धक्क्याला ‘मेडवे क्वीन’ नावाची एक जुनी उतारू आगबोट उभी आहे. सुमारे चार दशके वेतनाची अपेक्षा न धरता राबलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांच्या निष्ठेमुळेच ती आज दृष्टीस पडते. आणि ज्या किनाऱ्यावर आगबोट हीच पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट होती, त्या कोकणच्या वाचकांपुढे तिची हकीकत थोड्या विस्ताराने ठेवणे मला अगत्याचे वाटते.

१९२४ साली स्कॉटलंडमधील ट्रून येथे बांधलेली, सुमारे १८० फूट लांबीची आणि दोन्ही कुशींवरील चाकांनी पाणी कापीत जाणारी ही बोट स्ट्रूड व चॅटमहून साउथएंड, हर्न बे यांसारख्या किनाऱ्यावरील गावी उन्हाळ्यात उतारू नेत असे. दुसरे महायुद्ध सुरू होताच आरमाराने ती ताब्यात घेऊन सुरुंग काढण्याच्या कामी लावली. आणि १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलेल्या सैन्याला सोडवण्यासाठी लहानमोठ्या नौकांची जी रीघ लागली, तीत ७ फेऱ्या करून तिने सुमारे ७,००० सैनिक मायदेशी आणले. युद्ध संपल्यावर ती निमूटपणे आपल्या उतारूंकडे परतली. १९६३ मध्ये तिची चाकरी संपली. भंगारवाल्यांच्या हातून ती थोडक्यात बचावली, आइल ऑफ वाइट बेटावर काही वर्षे करमणुकीचा क्लब म्हणून नांदली, आणि त्या क्लबालाही नकोशी झाल्यावर तळ फुटून मेडिना नदीच्या गाळात बसली. १९८४ साली तिला मोठ्या तराफ्यावर चढवून चॅटमला आणण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी तिच्या संरक्षणासाठी स्वयंसेवकांची संस्था स्थापन झाली.

त्या स्वयंसेवकांच्या वाट्याला आलेले काम डोळ्यांत भरण्यासारखे नव्हते. गळणाऱ्या सांगाड्यातले पाणी उपसणे, गंज खरवडणे, सुट्या भागांची नोंद करून ते जपून ठेवणे आणि पैशासाठी दारोदार अर्ज करणे, यांतच वर्षांमागून वर्षे गेली. आणि अखेर त्यांना हेही मान्य करावे लागले की मूळचा पत्रा इतका खंगला आहे की त्याची डागडुजी शक्य नाही. २००६ साली राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून १८ लाख पौंडांहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली, ब्रिस्टलच्या गोदीत नवा सांगाडा उभा राहू लागला, आणि २०१३ मध्ये बोट गिलिंगहॅमला परतली.

हा सांगाडा आजच्या सोयीच्या रीतीने वितळजोड करून बांधता आला असता, परंतु तो जुन्या पद्धतीने रिव्हेट ठोकूनच बांधावयाचा असे ठरले. एकाने भट्टीत रिव्हेट लालबुंद तापवावा, दुसऱ्याने तो पत्र्यांच्या जुळलेल्या छिद्रांतून घालून मागून रेटून धरावा, तिसऱ्याने बाहेरून ठोकून त्याचे दुसरे डोके घडवावे, आणि निवता निवता आकसणाऱ्या त्या धातूने दोन्ही पत्रे एकमेकांशी घट्ट आवळावेत, असे हे कसब आहे. ते पुस्तकांत वर्णिलेले असले तरी पुस्तक वाचून हाताला येत नाही. अशा रीतीने अख्खा सांगाडा बांधण्याचे काम ब्रिटनमध्ये कित्येक दशकांत झाले नव्हते, त्यामुळे ते करताना जुने कारागीर बोलते झाले, नवे हात तयार झाले, आणि पुढे गिलिंगहॅमच्या कर्मशाळेत शिकाऊ तरुणांनाही धातुकामाची तालीम मिळाली.

सांगाडाच नवा असेल तर ही तीच बोट म्हणावी काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. मला तो गौण वाटतो. वस्तू जतन करण्याचे सार्थक तिच्या मूळ लोखंडाच्या वजनावर मोजता येत नाही. ती वस्तू घडवणारी विद्या एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती सुखरूप पोहोचली की नाही, हाच खरा निकष होय, आणि त्या निकषावर गिलिंगहॅमचे स्वयंसेवक पूर्णपणे उतरले आहेत.

मात्र केवळ निष्ठा पुरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सिडनीहून मॅन्लीला १९२२ पासून १९८३ पर्यंत उतारू नेणारी ‘बारागूला’ ही बोटही स्वयंसेवकांनी अशाच जिव्हाळ्याने सांभाळली होती. ती १ जानेवारी २०२२ रोजी धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच बुडाली. पाण्यात उभी असलेली बोट रोज झिजत असते. तिला गोदीत चढवून तळ दुरुस्त करणे हे वर्गणीच्या डब्यातून भागणारे काम नव्हे. याउलट स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ १९७४ मध्ये केवळ १ पौंड किंमत घेऊन एका संरक्षण संस्थेच्या हवाली करण्यात आली, तिला पुन्हा उतारू नेण्याचा परवाना मिळाला, लोकांचा व शासनाचा द्रव्यरूपी आधार लाभला, आणि म्हणून ती आजही समुद्रावर फिरते. श्रमदानाला हक्काचा धक्का, कायद्याचे पाठबळ आणि निधीची तरतूद यांची जोड मिळाली तरच ते तडीस जाते, हा या हकीकतींचा इत्यर्थ होय.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत जाई. बंदराबाहेर ती उभी राहिली की पडावांतून उतारूंची चढउतार होई, आणि गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याचे गाव त्या भोंग्याने जागे होई. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ते दुःख कोकणात अजून सांगितले जाते. इतक्या सुखदुःखांची साक्षी असलेल्या त्या बोटींपैकी एकही, निदान तिचे एंजिनघर वा सुकाणूची खोली तरी, मुलांना हात लावून पाहता येईल अशा रीतीने आपण किनाऱ्यावर राखली नाही. बोटी रस्त्यांपुढे आणि रेल्वेपुढे टिकल्या नाहीत, यात कोणाचा अपराध नाही. परंतु त्यांचा लिलाव पुकारताना कोणालाही दोन शब्द विचारावेसे वाटले नाहीत, हा मात्र आपला अपराध आहे.

तो पुन्हा घडू नये म्हणून माझी मागणी साधी आहे. भाऊच्या धक्क्यावर आणि खाड्याखाड्यांतून अजून लाकडी लाँची उतारू नेत आहेत, आणि कागदावर नकाशा न काढता केवळ नजरेच्या अदमासाने होडीचा कणा बसवणारे सुतार कोकणात अजून हयात आहेत. सागरी मंडळाने जुनी उतारू नौका मोडीत काढण्यास परवानगी देण्यापूर्वी एक वर्षाची जाहीर मुदत ठेवावी, त्या मुदतीत एखादी संस्था पुढे आल्यास नौका नाममात्र किमतीस तिच्या हवाली करावी, जिल्ह्यातील एका बंदरात तिला कायमची जागा द्यावी, आणि दुरुस्तीच्या कामावर शिकाऊ तरुणांना विद्यावेतन मिळेल अशी तजवीज करावी. संस्था कोठून येतील, ही शंका मला पडत नाही; चाकरीतून मोकळे झालेले खलाशी, तांडेल, गोदी कामगार आणि तंत्रशाळांतील मुले यांची या किनाऱ्यावर वाण नाही. त्यांना हाक घालणारा पहिला कागद सरकारी दप्तरातून निघावयास हवा, आणि तो त्या सुतारांचे हात चालते आहेत तोवर निघावयास हवा.

— दर्यावर्दी