नुसती हाताची चव पुरत नाही!

मैत्रिणींनो, ‘तुमच्या हाताला काय चव आहे हो! विकायला का नाही करत?’ असं आपल्यापैकी पुष्कळजणींना कुणी ना कुणी म्हटलेलं असतं. मलाही म्हटलं होतं. म्हणून शाळेची अर्धवेळ नोकरी सांभाळून मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. पहिल्या वर्षी बारा घरं मिळाली. दुसऱ्या वर्षी उरली सात!

भाजणी तीच, भाव तोच. मग बिघडलं कुठे? खरं सांगू? माझ्या बोलण्यात. शेजारच्या गल्लीतल्या एक वहिनी म्हणाल्या, ‘चकल्या जरा नरम पडल्या हो.’ मी फटकन म्हटलं, ‘तुमचा डबा उघडा राहिला असेल!’ वहिनी गप्प बसल्या. पुन्हा काही आल्या नाहीत, आणि त्यांच्या ओळखीच्या चौघीही नाहीत.

लिज्जत पापडाचंच पाहा. १९५९ साली गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पापड काय, घरोघरी होत होते! पण या बायका ऐकून घेणाऱ्या होत्या. आधी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक स्वस्तातला. छगनलाल पारेख यांनी सांगितलं, ‘एकच आणि उत्तम प्रत ठेवा, हिशेब चोख ठेवा.’ ते त्यांनी मानलं. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीणच समजली जाते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा घरून काही विकायचं मनात असेल, तर एवढं जरूर करा:

तक्रार आली की आधी पूर्ण ऐकून घ्या. एखादा नमुना मागून स्वतः चाखून पाहा. चूक आपली असेल तर माल बदलून द्या.

ऑर्डर घेतानाच वजन, भाव नि तारीख वहीत लिहा आणि समोरच वाचून दाखवा. निम्मे पैसे आगाऊ मागा, पण हसून! भिडेपोटी ‘द्या हो सावकाश’ म्हटलं, की पुढे पैसेही अडकतात आणि मनंही दुखावतात.

पेलवेल तेवढंच घ्या. ‘या वेळी जमणार नाही हं’ हे गोडीने सांगता येतं.

मदतीला येणाऱ्या बाईंचे पैसे त्याच दिवशी द्या. चार युक्तीच्या गोष्टी त्यांनाही ठाऊक असतात.

यंदा मी त्या वहिनींकडे मुद्दाम गेले. म्हटलं, ‘चूक माझीच होती. घाईत मोठ्या आचेवर तळल्या, आतून कच्च्या राहिल्या.’ वहिनींनी चहा केला. निघताना ऑर्डरही दिली, अर्ध्या किलोची. पूर्वी दोन किलोची असायची. असू दे! गेलेला विश्वास अर्ध्या-अर्ध्या किलोनेच परत येतो, नाही का?