पंप हुशार झाला, नळीचं काय?

माझा मुलगा टाइप १ मधुमेही, इन्सुलिन पंपावर. नवीन पंप आला की कौतुक सगळं सॉफ्टवेअरचं. साखर स्वतः वाचतो, डोस स्वतः ठरवतो. छानच आहे! पण ते इन्सुलिन शेवटी त्वचेखाली जातं कशातून? जेमतेम ६ ते ९ मिलिमीटरच्या मऊ टेफ्लॉन नळीतून, म्हणजे कॅन्युलातून. आणि ती दुमडते.

बसवताना आतली सुई नळीला ताठ धरते, मग सुई काढून घेतात. पोर सडपातळ असलं, खेळताना धक्का बसला, की नळी आतल्या आत वाकू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, त्यामुळे पुरवठा थांबला की काही तासांत कीटोन वाढायला लागतात. अलार्म? तो दाब वाढल्यावर वाजतो. लहान मुलांचा डोस इतका थोडा की दाब वाढायलाच कितीतरी तास जातात. इन्सुलिन कडेने गळत असेल तर अलार्म गप्पच.

स्टीलच्या सुईचे सेट दुमडत नाहीत, पण टोचतात आणि लवकर बदलावे लागतात. म्हणजे नळी मऊच हवी, पण न दुमडणारी. कंपन्यांनी डोकं तिथे लावावं. आणि चाचणीत आपल्याकडचा मे महिनाही धरावा, घामाने चिकटपट्टी कशी सुटते ते कळेल.

दर २-३ दिवसांनी नवा सेट लागतो. मधेच वाया गेला तर भुर्दंड आमच्याच खिशाला. पंप घेणार असाल तर विक्रेत्याला आधी हेच विचारा: दुमडलेला सेट बदलून देणार का? लेखी घ्या.