टाळ्या नंतर, आधी दार उघडा

सिंधुताई सपकाळांची गोष्ट आपण सगळ्याजणींनी ऐकलेली आहे. वर्धा जिल्ह्यातली मुलगी, बालवयात लग्न, विशीपर्यंत तीन मुलं, पुढे गरोदरपणी नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं आणि गोठ्यात लेक जन्मली. २०१० साली त्यांच्यावर सिनेमाही आला. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण चटकन मागे टाकतो. लेकीला घेऊन त्या माहेरी गेल्या, तर तिथेही थारा मिळाला नाही. 'केवढी हिंमत बाईची!' म्हणून आपण टाळ्या वाजवतो. मला मात्र प्रश्न पडतो, एवढी हिंमत लागावीच का? माहेरचं दार उघडं असतं तर?

आमच्या वाळूजला एमआयडीसीमुळे लांबलांबच्या गावांतून जोडपी येतात. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी भागात खोलीला खोली लागून. मधे एक भिंत. मारल्याचा आवाज पलीकडे जातोच. पोरगी सतरा-अठराची, कडेवर लेकरू, ओळखीचं कुणी नाही. सकाळी शेजारीण गालावरचा वळ बघते आणि म्हणते, "लेकराकडे बघून दिवस काढ, बाई."

या वाक्याचा मला फार राग येतो. कारण लेकराकडे बघूनच या मुली बाहेर पडतात, असं मी पाहत आलेय. स्वतःवर हात उठतो तोवर सोसतात. तोच हात बाळावर उठला की कुठून बळ येतं कोण जाणे! पण ते बळ दोन दिवस टिकतं. तेवढ्यात कुणी जवळ केलं नाही तर पोरगी परत त्याच खोलीत.

आणि घर सोडायचं तिनेच का? कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. खोली भाड्याची असो, त्याच्या नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. न्यायालय त्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. शेजारणींनो, हे तुमच्यासाठी: संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिली तर खबर देणारीवर काही बालंट येत नाही.

लग्नाच्या वेळी मुलगी अठराच्या आत असेल, तर वीस वर्षं पूर्ण होण्याआधी अर्ज करून ते लग्न रद्द करून घेता येतं. रद्द झालं तरी मूल औरसच राहतं. 'पोराला बापाचं नाव कोण देणार?' म्हणून घाबरवणाऱ्या सासवांना हे ठणकावून सांगा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणूनही अडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. मदतीला १८१, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८.

राहिलं माहेर. लग्नात कर्ज काढलेलं असतं, धाकटीचं जमवायचं असतं, भावकी नावं ठेवते. आईबापाची अडचण मला कळते. पण पोरगी फोनवर "मला घेऊन जा" म्हणते, तेव्हा "थोडं जुळवून घे" म्हणू नका. पोलिसात जायचं की नाही, नांदायचं की नाही, ते मागाहून तिच्याशी बोलता येईल. आधी तिला आणि बाळाला आणा.

आणि तिच्या शेजारी राहत असाल तर तिचं आधार कार्ड, शाळेचा दाखला, बाळाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड एका पिशवीत घालून आपल्या कपाटात ठेवून घ्या. निघायची वेळ येते तेव्हा कागद शोधायला फुरसत नसते.