प्रवाळांच्या अंगणात

सुटीत अंदमानला जाण्याचा बेत आता अनेक घरांत होऊ लागला आहे. पोहता न येणारी वडील मंडळी मात्र तेथेही काठावरच बसून राहतात. वस्तुतः त्यांनाही समुद्राच्या पोटातले वैभव पाहता येते. स्वराजद्वीपावरील (2018 पर्यंतचे हॅवलॉक) एलिफंट बीच हे त्यासाठी उत्तम ठिकाण. धक्क्यावरून होडीने तेथे जाता येते आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच प्रवाळ दिसू लागतात.

स्नॉर्केलिंगमध्ये खोल बुडी मारावी लागत नाही. लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगायचे, तोंडातल्या नळीने संथ श्वास घ्यायचा आणि काचेतून खाली पाहायचे, एवढेच. मुखवटा पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढावा. तो चिकटून राहिला, तर माप योग्य समजावे. नळीत पाणी शिरल्यास घाबरू नये, जोराने फुंकून ते बाहेर टाकावे. श्वसनाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. वाटाड्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

खाली जे दिसते ते दगड नव्हेत. असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी चुन्याची घरे बांधून ही वसाहत उभारलेली असते. त्यांच्या शरीरात राहणारी शेवाळे त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी फार तापले की ही शेवाळे निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. 2010 मध्ये अंदमानच्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडले होते. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका पायाखाली अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे, हे आपल्याला बालपणीच शिकवले जाते. येथे तर पाऊल टेकवूच नये. थकवा आल्यास पाठीवर उताणे तरंगावे. सोबतच्या होडीवाल्याने माशांना पाव टाकण्याचे सुचविले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्यात जीवदया नाही. प्रवाळांवरील शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवणारे मासे आयत्या अन्नाला लागले, तर ते काम मागे पडते. अंगाला मलम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना अपायकारक असल्याने हवाई राज्याने 2021 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आणखी एक गोष्ट व्यापारी घरांनी विशेष ध्यानात ठेवावी. अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे असते. आपल्याकडील खडक रचणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाळूत पडलेला मृत तुकडाही आठवण म्हणून पिशवीत घालणे हा गुन्हा ठरतो. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

काही न उचलता, काही न मोडता परतणारा पाहुणाच त्या अंगणाला हवा असतो.