एका चाचणीत न कळणारा खेळाडू

इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली आणि कामठीचे नाव नकाशावर ठळक झाले. मागोमाग उत्तरेकडून विणकर आले, विड्यांचे कारखाने उभे राहिले, आसपास कोळशाच्या खाणी निघाल्या. फौज मात्र येथून कधी पूर्णपणे गेली नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आजही कामठीत आहे. छावणी तेथे फुटबॉल, हा आपल्या देशातला जुना नियम कामठीनेही पाळला. नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये रब्बानी क्लबचे नाव नागपूरच्या यंग मुस्लिम किंवा राहुल क्लबच्या बरोबरीने घेतले जाते. रब्बानी मैदानावर सामना असला की मोहल्ल्यातली दुकाने अर्धी ओस पडतात, हे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही.

एवढी जुनी परंपरा असलेल्या गावाबद्दल दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो. येथला मुलगा देशासाठी का खेळत नाही? उत्तरेही ठरलेली आहेत. मैदाने नाहीत, पैसा नाही, क्रिकेटने सगळे गिळले. त्यात तथ्य आहे, परंतु ही उत्तरे फार ढोबळ आहेत. मैदान आणि पैसा यांचा तुटवडा सर्वच खेळाडूंना सारखाच भोवायला हवा होता. प्रत्यक्षात तो सर्वांत जास्त भोवतो एकाच प्रकारच्या खेळाडूला, तो म्हणजे मध्यरक्षक. मधल्या फळीत खेळणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची कुवत कशी जोखायची, याची कोणतीही व्यवस्था कामठीत नाही, आणि खरे म्हणजे विदर्भातच नाही.

आघाडीवीर गोल करतो, गोलरक्षक गोल वाचवतो. त्यांचे कर्तृत्व डोळ्यांना दिसते आणि धावफलकावर उमटते. मध्यरक्षकाचे काम त्या दोघांच्या मध्ये चालते. चेंडू पायात येण्यापूर्वी मान वळवून मागे कोण आहे हे त्याने पाहिले का? चेंडू घेताना अंग अर्धे वळवून पुढच्या पासाची तयारी ठेवली का? पास साथीदाराच्या नुसता दिशेने दिला, की त्याच्या पुढच्या पायावर, योग्य वेगाने दिला? चेंडू गमावल्यावर पहिली दोन पावले कोणत्या दिशेने टाकली? आणि सत्तराव्या मिनिटाला पाय जड झाल्यावरही हे सगळे तितक्याच शहाणपणाने होते का? मध्यरक्षकाची पारख या प्रश्नांनी होते. त्यांची उत्तरे अर्ध्या तासाच्या निवड चाचणीत मिळत नाहीत. तो मुलगा दहा-बारा सामन्यांत, वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, जिंकताना आणि हरताना पाहावा लागतो.

आपल्याकडच्या निवड चाचणीचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. दीड-दोनशे मुले येतात, त्यांच्या छातीवर क्रमांक चिकटवले जातात, एकमेकांना न ओळखणाऱ्या अकरा मुलांचा एक संघ होतो आणि वीस मिनिटांचा खेळ होतो. अशा खेळात चेंडू ज्याच्याकडे येतो तो पुढे पास देत नाही, कारण पास दिला तर आपण दिसणार नाही, ही भीती त्याला असते. जो जोरात पळतो आणि जो तीन जणांना चकवतो, तो निवडला जातो. शहाणा मध्यरक्षक अशा गर्दीत साधा पास देतो आणि घरी जातो.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतला तो भारताचा पहिला गोल. मणिपूरच्या थौबलचा हा मुलगा बचावात्मक मध्यरक्षक, आणि सुरुवातीच्या निवडीत त्याला संघात जागा मिळाली नव्हती. तो मिनर्व्हा अकादमीत राहिला, सामने खेळत राहिला, आणि नवे प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांची नजर त्याच्यावर पडली. म्हणजे भारताचा पहिला विश्वचषक गोल करणारा खेळाडू पहिल्या चाळणीतून खाली पडलेला होता. त्याला वाचवले ते दुसऱ्या नजरेने, आणि दुसरी नजर मिळाली ती तो एका अकादमीच्या छपराखाली होता म्हणून. कामठीतल्या मुलाला पहिलीच नजर मिळण्याची मारामार. दुसरीचे तर नावच नको.

त्याच भारतीय संघात महाराष्ट्राचा एक मुलगा होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापूर आणि कामठी यांची तुलना मोठी उद्बोधक आहे. तालमींच्या संघांची ईर्ष्या, शाहू स्टेडियमवरची गर्दी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली निष्ठा, हे सर्व कोल्हापुरात आहे आणि आपापल्या रीतीने कामठीतही आहे. फरक पडला तो अनिकेत लहानपणीच पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. तेथे त्याला रोजचा सराव, ठरलेले जेवण आणि नियमित सामने मिळाले. विश्वचषकानंतर इंडियन ॲरोजच्या पहिल्याच आय-लीग सामन्यात, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, चेन्नई सिटीविरुद्धच्या ३-० अशा विजयात दोन गोल त्याचे होते. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

पुढचा प्रवास मात्र नीट पाहायला हवा. आयएसएलमध्ये तो जमशेदपूर आणि नंतर हैदराबाद संघात गेला. गोल करण्याची नैसर्गिक ओढ असलेला हा खेळाडू तेथे प्रामुख्याने विंगर झाला. कारण उघड होते. जमशेदपूरकडे आघाडीला आधी सर्जिओ कास्टेल आणि मग नेरियस वाल्स्किस होते, तर हैदराबादकडे बार्थोलोम्यू ओगबेचे. २०२२ मध्ये हैदराबादने विजेतेपद मिळवले त्या संघात अनिकेत होता. तरीही सतराव्या वर्षी त्याच्याविषयी ज्या अपेक्षा होत्या, त्या आणि प्रत्यक्ष मिळालेली जागा यांत अंतर पडले, हे मान्य करायला हवे. यात त्याचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, याचा हिशेब कठीण आहे. आमच्या मते व्यवस्थेचे पारडे जड आहे. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७-१८ पासून ही संख्या पाच झाली आणि २०२१-२२ पासून चार. हे परदेशी खेळाडू कोठे खेळतात? संघाचा कणा असलेल्या जागी: मध्यवर्ती बचावपटू, मधल्या फळीचा सूत्रधार आणि आघाडीवीर. भारतीय मुलाच्या वाट्याला कडेच्या जागा येतात. आघाडीवीराचा निदान विंगर तरी होऊ शकतो; मधल्या फळीच्या सूत्रधाराला कडेला ढकलले की त्याचा खेळच संपतो.

कामठीत ही अडचण आणखी लहान वयात सुरू होते. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी टणक, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. उसळत्या, वेडावाकडा वळणाऱ्या चेंडूवर जमिनीलगतचे छोटे पास देणे धोक्याचे असते. मग प्रशिक्षक शहाणपणाने सांगतात, चेंडू उंच मारा आणि पळा. चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून जातो. गल्लीतल्या खेळात तीन फुटांच्या जागेत चेंडू खेळवायला शिकलेल्या मुलाला मोठ्या मैदानावर ते कसब वापरायला वावच राहत नाही. त्यात स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. सुब्रतो करंडकाच्या प्राथमिक फेरीत शाळेचा संघ हरला की त्या मुलाचे वर्षाचे महत्त्वाचे सामने एक किंवा दोन. एवढ्यावर कोणाची कुवत जोखणार?

येथे क्रिकेटचे उदाहरण द्यावेच लागते, आणि तेही शेजारचेच. कामठीहून फार दूर नसलेल्या खापरखेड्याजवळच्या वलनी खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये कसोटीपटू झाला. अवघी तीन वर्षे. त्याच्या खांद्यात वेग होता हे खरेच. परंतु विदर्भ क्रिकेट संघटना भारतीय मंडळाची स्वतंत्र सदस्य नसती, तर हा वेग मुंबईच्या रांगेत किती वर्षे उभा राहिला असता, कोण जाणे. त्याच संघटनेने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. फुटबॉलमध्ये विदर्भाला असे स्वतंत्र घर नाही. नागपूरची जिल्हा संघटना मुंबईस्थित वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येते आणि नागपूर ते मुंबई हे अंतर आठशे किलोमीटरच्या वर आहे. स्वतंत्र विदर्भाचा राजकीय वाद येथे आणण्याचे कारण नाही. पण आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. वेगवान गोलंदाज एका षटकात कळतो, मध्यरक्षक कळत नाही. दूरवरच्या एखाद्या निवड चाचणीचा आधार उमेशसारख्याला पुरला असता. मध्यरक्षकाला तो पुरत नाही.

मग लहान गावातला मध्यरक्षक इतरत्र कसा सापडतो? त्यासाठी ऑस्ट्रेलियात, त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलकडे पाहू. ऑस्ट्रेलियन रूल्स हा आपल्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, चेंडू हातानेही हाताळता येतो. परंतु मधल्या फळीचे महत्त्व तेथेही तेच, किंबहुना अधिक. व्हिक्टोरिया राज्यातले टोंगाला हे दूधदुभत्याचे गाव, वस्ती दोन हजारांच्या आसपास. कामठीचा एखादा मोहल्ला याहून मोठा असेल. तेथला हार्ली रीड हा मध्यरक्षक बेंडिगोच्या कुमार संघाकडून खेळला आणि २०२३ च्या राष्ट्रीय निवडीत संपूर्ण देशात पहिल्या क्रमांकाने वेस्ट कोस्ट संघाने त्याला घेतले. हे एका दिवसात ठरले नाही. प्रादेशिक कुमार लीगमधले त्याचे सामने नोंदले गेले, किती वेळा चेंडू मिळवला, किती वेळा गमावला याचे हिशेब ठेवले गेले, धाव आणि उडी मोजली गेली. क्लबांचे पारखी त्याला अनेक महिने पाहत होते.

एवढे करूनही निकाल लगेच लागला असे नाही. पहिल्या हंगामात त्याची ताकद सर्वांनी वाखाणली, त्याच हंगामात धोकादायक पकडीबद्दल त्याच्यावर बंदीही आली. २०२५ मध्ये त्याच्या संघाने २३ पैकी एकच सामना जिंकला. दुबळ्या संघात असलेल्या वीस वर्षांच्या मध्यरक्षकाची प्रगती थांबली आहे की संघामुळे झाकली गेली आहे, यावर तेथेही वाद झडले. सांगायचे ते हे की, मध्यरक्षक उशिरा पिकतो. सर्व साधने हाताशी असलेला देश वीस वर्षांच्या खेळाडूबद्दल निकाल राखून ठेवतो. आपण पंधरा वर्षांच्या मुलाचा निकाल वीस मिनिटांत लावून मोकळे होतो.

नागपूरच्या फुटबॉलची कीर्ती गेल्या काही वर्षांत वेगळ्या मार्गाने देशभर गेली, हेही नोंदवायला हवे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या कामातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले आणि त्यावर आधारलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये पडद्यावर आला. हे काम मोठेच आहे. परंतु त्याने फुटबॉलकडे मुलाला वाचवणारी गोष्ट म्हणून पाहायला शिकवले. मुलगा वाचल्यावर तो खेळाडू म्हणून कितपत चांगला आहे, हा रुक्ष प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवा, आणि तो विचारणे ही समाजसेवकांची नव्हे, संघटनेची जबाबदारी आहे.

अखिल भारतीय महासंघाच्या कुमार लीगमध्ये मान्यताप्राप्त अकादम्यांना प्रवेश मिळतो. कामठीच्या नामांकित क्लबांनी ही मान्यता मिळवण्यासाठी काय करावे लागेल, याचा विचार निदान एकदा एकत्र बसून करायला हवा. प्रशिक्षकांचे परवाने, मुलांची वयाची कागदपत्रे, सुरक्षित मैदान, या गोष्टींना खर्च येतो; परंतु स्थानिक स्पर्धांच्या बक्षिसांवर आणि दिव्यांच्या रोषणाईवरही खर्च होतोच. त्याहून स्वस्त उपाय जिल्हा संघटनेच्या हातात आहे. पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलांसाठी बाद पद्धतीऐवजी साखळी सामने, प्रत्येक संघाला किमान दहा सामने, आणि प्रत्येक सामन्याला वही घेऊन बसलेला एक माणूस. कोणी गोल केले एवढेच नव्हे, तर कोणी चेंडू मिळवला, कोणी पुढे दिला, कोण शेवटच्या दहा मिनिटांत उभा राहिला, हे त्याने लिहावे. मोबाईलवर चित्रण झाले तर उत्तमच. मग मुंबई-पुण्याच्या निवडकर्त्यासमोर मुलगा वीस मिनिटांसाठी नव्हे, वर्षभराच्या नोंदीसह उभा राहील.

घाई करण्याचे कारण घराघरात आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की कामठीतला खेळाडू नोकरी शोधू लागतो. रेल्वे किंवा पोलीस संघात जागा मिळाली तर तो भाग्यवान. नाही तर दुकान, यंत्रमाग, वाहतुकीचे काम. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही, तेव्हा व्यावसायिक फुटबॉलच्या भरवशावर मुलाला आणखी तीन वर्षे थांबू द्या, असे कोणत्या तोंडाने एखाद्या बापाला सांगायचे? आघाडीवीर या वयापर्यंत निदान दिसलेला तरी असतो. मध्यरक्षकाचा खेळ नेमका याच वयात उमलू लागतो, आणि याच वयात त्याचे बूट खुंटीला लागतात.